केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, मामा

पत्र असं आहे:

«माझं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरी भरण्यात, म्हणजे तारा नव्याने गुंडाळण्यात, आयुष्य गेलं. बहिणीच्या मुलाला, वय १६, गेल्या वर्षी रिमोटचा ट्रक घेऊन दिला. १:१० मापाचा, चारही चाकांना ताकद असलेला, ब्रशलेस मोटरचा. मोटरवर फक्त ३६५० आणि ३५०० केव्ही छापलंय, व्होल्ट कुठेच नाहीत. ईएससीवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर, मात्र २ ते ३एस लायपो (दोन ते तीन सेलची लिथियम बॅटरी) असं लिहिलंय. वर्षभर २एस बॅटरीवर चालला, काही तक्रार नव्हती. दिवाळीपासून पोरगा मित्राची ३एस लावतोय आणि मोटर इतकी तापते की तीन सेकंद हात टिकत नाही. आता त्याला ४एस पाहिजे, कारण मित्राच्या दुसऱ्या ट्रकला एवढ्याच जाडीची मोटर आहे आणि ती ४एसवर पळते. वर कुणीतरी सांगितलंय की केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, तेव्हा सोळा व्होल्ट म्हणजे त्या मोटरला काहीच नाही. दाजी दुबईला असतात, पुढच्या महिन्यात येतायत. बॅटरी आणायला सांगू का? आणि मोटरला ४एस झेपत नसेल तर मीच ती भरून देऊ का? — एक मामा, इचलकरंजी»

मामा, नमस्कार.

आधी केव्हीचं भांडण मिटवू. सबस्टेशनच्या ३३ केव्हीचा आणि या ३५०० केव्हीचा काही संबंध नाही. इथे केव्ही हा वेगाचा आकडा आहे: मोटरवर भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेते. तुमची मोटर व्होल्टमागे ३५०० फेरे घेते, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मोटरी भरता म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. वेढे कमी आणि तार जाड, तर केव्ही जास्त. वेढे वाढवले की केव्ही उतरतो. बाकी गूढ काही नाही.

आता व्होल्ट का छापलेले नाहीत ते. मागाच्या मोटरला तुम्ही ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झ देता, आणि ती ९६० किंवा १४४० फेऱ्यांनी फिरते. तिथे वेग ठरवते फ्रिक्वेन्सी. व्होल्टेज वाढलं तर वेग फारसा हलत नाही. कोअर सॅच्युरेट होतो, नो-लोडचा अँपिअर चढतो, आणि संध्याकाळपर्यंत मोटर तुमच्या दुकानात येते. या ट्रकच्या मोटरचं उलट आहे. ती थ्री-फेजच आहे, तीनच वायरी बाहेर येतात, पण रोटरमध्ये कायमचं चुंबक आहे आणि तिला चालवणारी ईएससी म्हणजे खिशात मावणारा व्हीएफडीच (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारं यंत्र). फ्रिक्वेन्सी ठरवून ठेवलेली नसते. रोटर जसा फिरेल तशी ईएससी फेज बदलत जाते, आणि रोटर किती जोरात फिरेल ते बॅटरीच्या व्होल्टवर ठरतं. म्हणून या मोटरला व्होल्ट चढत नाहीत, फेरे चढतात. तारेवरचं एनॅमल १६ व्होल्टला दाद देणारं नाही, तेवढ्यापुरता तो किलोव्होल्ट सांगणारा चुकून बरोबर आहे. पण मोटर मरते ती इन्सुलेशन फुटून नव्हे, वेगाने आणि उष्णतेने.

तेव्हा या मोटरला किती व्होल्ट सोसतात हे विचारण्याऐवजी तिचा रोटर किती फेऱ्यांपर्यंत शाबूत राहतो हे विचारायचं, आणि त्या आकड्याला केव्हीने भागायचं.

हिशेब करताना एक चूक जवळपास सगळे करतात. बॅटरीच्या लेबलवर ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट लिहिलेले असतात. ते सरासरी व्होल्टेज झालं, एका सेलला ३.७ धरून. चार्जरवरून नुकताच काढलेला लायपो सेल ४.२ व्होल्टचा असतो. म्हणजे २एस बॅटरी खरी ८.४, ३एस १२.६ आणि ४एस १६.८ व्होल्टची. पोरगा ट्रक सुरू करतो तेव्हा बॅटरी भरलेलीच असते आणि पहिल्याच मिनिटात तो ट्रिगर पूर्ण दाबतो, तेव्हा मर्यादा भरलेल्या बॅटरीवरच मोजायची. काही बॅटऱ्यांवर एचव्ही लिहिलेलं असतं. त्यांचा सेल ४.३५ पर्यंत भरतात, म्हणजे ३एस एचव्ही १३.०५ व्होल्टची. दाजींना काही आणायला सांगाल तर ही दोन अक्षरं बघायला सांगा.

आता गुणाकार. ८.४ गुणिले ३५०० म्हणजे २९,४०० फेरे. १२.६ ने ४४,१००. १६.८ ने ५८,८००. या आकाराच्या मोटरची मर्यादा साधारण कुठे असते त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: ट्रॅक्सस या रिमोटच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची ३५०० केव्हीची वेलिनिऑन मोटर जाडीला तुमच्या मोटरएवढीच, ३६ मिमीची, आणि कंपनी तिला कमाल ५०,००० फेरे सांगते. ती ३एसपर्यंतच विकली जाते. तुमच्या मोटरच्या कागदावर दुसरा आकडा दिला असेल तर तो धरा. कागदच नसेल तर मी ५०,००० च्या वर एक फेराही धरणार नाही. बिननावाच्या स्वस्त मोटरला ४५,००० वरच थांबेन. दोन्ही हिशेबांत ३एस बसते, ४एस बसत नाही.

पन्नास हजारांच्या वर गेलं की नेमकं काय होतं, हे मागाच्या मोटरीवरून लक्षात येणार नाही. रोटरवरचे चुंबकाचे तुकडे शाफ्टला चिकटवलेले असतात, वरून केवलारचा दोरा गुंडाळलेला किंवा स्टीलची पातळ नळी चढवलेली. समजा एक ग्रॅमचा तुकडा मध्यापासून ८ मिमीवर आहे. ४४,१०० फेऱ्यांना त्याला बाहेर फेकणारा जोर साधारण १७ किलोच्या वजनाएवढा होतो. ५८,८०० ला तोच जोर ३१ किलोचा. वेग सव्वापटीच्या जरा वर गेला, पण जोर पावणेदोनपटीच्या पुढे, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. गोंद किंवा दोरा सुटला की चुंबक स्टेटरला घासतं आणि मग आतून चुरा निघतो. तो चुरा चुंबकाचाच असल्यामुळे दातांना असा चिकटून बसतो की ब्रशने निघत नाही. अशी मोटर एकदा उघडून बघा, पुन्हा कुणाला ४एस सुचवणार नाही.

यातली गंमत अशी की रोटरला सगळ्यात जास्त त्रास ट्रक जमिनीवर पळताना होत नाही. हातात उचलून, चाकं हवेत ठेवून पोरं ट्रिगर दाबतात आणि टायर फुगताना बघतात, तेव्हा होतो. भार शून्य, मोटर थेट पूर्ण फेऱ्यांवर. उडी मारताना हवेत ट्रिगर दाबून धरला तरी तेच. ही सवय भाच्याला कोणत्याही बॅटरीवर मोडायला लावा.

फेऱ्यांबरोबर लोखंडही तापतं. तुमची मोटर बहुतेक चार पोलची असेल. ४४,१०० फेरे म्हणजे सेकंदाला ७३५, चार पोलला त्याची दुप्पट, १,४७० हर्ट्‌झ. तुम्ही ५० हर्ट्‌झच्या स्टॅम्पिंगवर, म्हणजे कोअरच्या पत्र्यांवर, काम करता, अर्धा मिमी जाडीच्या. या मोटरीत चांगल्या प्रतीची पत्री ०.२ मिमीच्या आसपास असते, याच कारणाने. एडी करंटचा, म्हणजे पत्र्यातच भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या करंटचा, तोटा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो. २एसवरून ४एसवर गेलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट आणि हा तोटा चौपट. तो तांब्यात नसतो, पत्र्यात असतो, त्यामुळे अँपिअर मीटरवर फारसा कळत नाही आणि मोटर मात्र आतून भाजत राहते.

एवढं सगळं मोटरचं. पण खरी भिंत ईएससी आहे. मोटर हळूहळू मरते, कधी कधी चारदोनदा माफही करते. ईएससी माफ करत नाही. तुमच्या ईएससीवर ३एस लिहिलंय, तर तिच्या अंगावरचे गोल कपॅसिटर बघा. त्यांच्यावर बहुधा १६ व्होल्ट छापलेलं दिसेल. ४एस भरलेली असते १६.८ ला. ट्रिगर सोडून ब्रेक मारला की मोटर जनरेटर होते आणि व्होल्टेज आणखी वर ढकलते. व्हीएफडीवर जड भार झटक्यात थांबवला की डीसी बस चढते आणि ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप येतो, तो तुम्ही पाहिला असेल. इथे ना ट्रिप आहे, ना ब्रेकिंग रेझिस्टर. जे चढेल ते कपॅसिटर आणि मॉस्फेट, म्हणजे करंट चालूबंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, सोसणार. मॉस्फेटची हद्द ओलांडली की तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, आणि शॉर्ट झालेल्या मॉस्फेटमागे लायपो बॅटरी म्हणजे वेल्डिंगचा सेटच.

हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे २एसच्या दोन बॅटऱ्या होत्या. जास्त वेळ चालावं म्हणून त्या पॅरलल जोडायच्या होत्या. दोन जोडण्या शेजारीशेजारी पडलेल्या, एक पॅरललची, एक सिरीजची, दोन्ही दिसायला सारख्या, लाल-काळ्या. मी मल्टिमीटर लावला नाही. सिरीजची उचलली, म्हणजे थेट ४एस झाली, आणि ३एसच्या ईएससीत खुपसली. फटाक्यासारखा आवाज झाला, कपॅसिटरचं टोपण छताला लागलं आणि खोलीत महिनाभर तो वास राहिला. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून प्रत्येक जोडणीच्या वायरीवर चिकटपट्टी लावून व्होल्ट लिहून ठेवतो, आणि तरी ईएससीत घालायच्या आधी मीटर लावतो. तुमच्या दुकानात मीटर टेबलावरच असतो, भाच्याला ती सवय लावणं तुम्हाला सोपं आहे.

ईएससीत आणखी एक बारीक गोष्ट असते. ती बॅटरीतून सुमारे ६ व्होल्ट काढून स्टीअरिंग वळवणाऱ्या लहान मोटरला, सर्व्होला, देते. स्वस्त ईएससीत हे काम लिनिअर रेग्युलेटर करतो, म्हणजे उरलेले व्होल्ट उष्णता करून फेकतो. सर्व्हो एक अँपिअर घेत असेल तर ८.४ व्होल्टवर अडीच वॉटच्या आत फेकले जातात, १२.६ वर साडेसहाच्या पुढे. ट्रक वेगात असताना अचानक स्टीअरिंग सुटतं, मग दोन मिनिटांनी आपोआप परत येतं, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पंखा थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर तो कमी व्होल्टचा तर नाही ना, तेही बघा. मोटरचा हिशेब नीट बसवायचा आणि पंखा जाळायचा, असं होतं.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. पोरगं ४एस मागतंय ही पुढची गोष्ट. आज, ३एसवरच, मोटर हात टिकू देत नाही. व्होल्ट हद्दीत आहेत, फेरे हद्दीत आहेत, तरी तापते. कारण गिअर. २एसवर बसवलेला पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर, तसाच ठेवून ३एस लावली आहे, माझी जवळजवळ खात्री आहे.

ट्रक जागेवरून उठतो तेव्हा मोटर फिरत नसते, म्हणून अँपिअरला आडवं यायला फक्त तारेचा रोध असतो. व्होल्ट दीडपट झाले की तो झटक्याचा अँपिअर दीडपट, आणि तारेतली उष्णता त्याच्या वर्गाने, सव्वादोनपट. ईएससी काही प्रमाणात आवरते, पण सगळं नाही. वर वेग. समजा एकूण गिअर रेशो १२ आहे आणि टायर ११० मिमीचा. कागदावर २एसला ताशी ५१ किमी, ३एसला ७६, आणि हट्टाने ४एस लावली तर १०२. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण हवेचा विरोध कागद बघत नाही. गवतावर आणि वाळूत तर मोटर पूर्ण वेगाला कधी पोचतच नाही, मधल्या वेगात जास्त अँपिअर ओढत अडकून राहते.

म्हणून पिनियन लहान करा. १५ दातांचा असेल तर १३ चा लावा. वेग ७६ वरून ६६ वर येईल, आणि गल्लीत तेवढाही जास्तच आहे. अडीच किलोचं धूड त्या वेगाने कुणाच्या नडगीवर आदळलं तर हाड राहणार नाही, तेव्हा मोकळं मैदान आणि आजूबाजूला बारकी पोरं नाहीत, एवढं बघायचंच. पिनियन बदलला की दातांमधली फट पुन्हा जुळवा. कागदाची पट्टी दोन्ही दातांमध्ये घालून मोटर ढकलायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. फट कमी राहिली तर गिअर कुरकुरतो आणि मोटर तेवढ्यानेही तापते. चाकं हाताने फिरवून बेअरिंग मोकळं आहे का तेही बघा. एखाद्या बेअरिंगमध्ये माती भरली असेल तर मी इथे जो पिनियनला दोष देतोय तो खोटा ठरेल.

ईएससीत टायमिंग नावाची सेटिंग असते, ती सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा. टायमिंग पुढे ढकललं की मोटर जणू जास्त केव्हीची असल्यासारखी पळते आणि जास्त तापते.

आणि हाताचा अंदाज सोडा. हात टिकत नाही म्हणजे ६० अंशांच्या आसपास किंवा वर, पण ६५ की १०५, हे हात सांगत नाही. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर दुकानात असेलच. तीन मिनिटांनी एकदा, सहा मिनिटांनी एकदा मोटरच्या अंगावर बघा. ८० पर्यंत चालेल. ८५ दिसलं की ट्रक थांबवायचा, ९० च्या वर गेलं की त्या दिवशी ट्रक घरी. तुम्ही म्हणाल, एफ क्लासचं वायंडिंग १५५ सोसतं, मग ८५ ला कसली भीती? भीती तारेची नाही, चुंबकाची आहे. साधं निओडिमियम ८० अंशांनंतर आपली ताकद कायमची गमवायला लागतं. एसएच दर्जाचं १५० पर्यंत टिकतं, यूएच १८० पर्यंत. तुमच्या मोटरीत कोणतं आहे ते कुणी छापत नाही. शिवाय बाहेर ८५ असतात तेव्हा आत रोटर त्याहून गरम असतो, कारण त्याची उष्णता बाहेर यायला हवेच्या फटीखेरीज वाट नाही.

मित्राच्या ट्रकचं कोडं आता सोपं आहे. जाडी सारखी आहे, पण त्या मोटरचा केव्ही विचारलात का? लांबी मोजलीत का? ३६५० मधले पहिले दोन आकडे जाडीचे आणि नंतरचे दोन लांबीचे. त्याची ३६६० किंवा ३६७४ निघेल, आणि केव्ही २००० ते २५०० च्या दरम्यान. कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा, मजा येते. आर्माचे ३एसचे ट्रक ३२०० केव्हीच्या मोटरवर येतात. ट्रॅक्ससचा मॅक्स ४एसवर पळतो, त्याची मोटर २४००. त्यांचाच एक्स-मॅक्स ८एस घेतो, मोटर १२००. भरलेल्या बॅटरीने गुणलं तर तिन्हींचे फेरे येतात ४०,३२०. आर्माचा क्रेटन ६एस मात्र २०५० केव्हीवर ५१,००० च्या पुढे जातो, म्हणजे हा काही कायदा नाही, तिथे मोटर मोठी आणि रोटर वेगळा आहे. पण व्होल्ट चढले की केव्ही उतरतो, ही रीत सगळीकडे दिसते. जास्त सेल घ्यायचे ते फेरे वाढवायला नव्हे. तेवढीच ताकद कमी अँपिअरवर मिळते, तारा आणि ईएससी थंड राहतात, म्हणून घ्यायचे. भाच्याला ४एसच पाहिजे असेल तर ४एसची ईएससी, लांब आणि कमी केव्हीची मोटर, तिला सोसणारे डिफरेन्शिअल आणि शाफ्ट, असा सगळा संच लागेल. बेरीज केली की दुसरा ट्रकच स्वस्त पडतो.

मग तुम्ही भरून देण्याचं काय? हा प्रश्न वाचून मला तुमचं पत्र फार आवडलं. इतर कुणी विचारणार नाही, कारण इतर कुणाला येणार नाही. समजा आत दर दाताला १० वेढे आहेत आणि तुम्ही १३ घातले. केव्ही साधारण २७०० वर येईल, १६.८ व्होल्टला ४५,००० च्या किंचित वर फेरे, म्हणजे आजच्या ३एसइतकेच. आणखी एक रस्ता तुम्हाला माझ्याआधी सुचला असेल: जोडणी डेल्टा असेल तर स्टार करा, केव्ही १.७३ ने भागला जाईल. काही कंपन्या मोटरच्या नावातच वाय किंवा डी लिहून हे सांगतात. पण बऱ्याच मोटरी आधीच स्टार असतात, तेव्हा उघडून बघा.

तरीही मी नको म्हणेन. तुमचा हात चांगला आहे यात शंका नाही, पण कारखान्यात तार स्लॉटमध्ये इतकी ठासून भरलेली असते की तिला सोडवताना पत्र्यावरचं कोटिंग निघतं, आणि ०.२ मिमीच्या पत्र्या एकमेकींना शॉर्ट झाल्या की मघाचा लोखंडाचा तोटा परत हजर. दुसरं, वेढे वाढवायचे तर तार बारीक घ्यावी लागेल, स्लॉट तर मोठा होणार नाही. तिसरं आणि मुख्य, मोटर ४एसची झाली तरी ईएससी ३एसचीच राहते. जळलेली मोटर कुठे मिळाली तर तिच्यावर जरूर हात साफ करा, आणि जमलं तर मला कळवा, मला खरंच बघायचंय.

दाजींना मग ३एस आणायला सांगायची का? सांगा, मित्राची उसनी किती दिवस वापरणार. ५००० एमएएचची ३एस ५५.५ वॉट-अवरची होते. विमानात १०० पर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतून नेता येते, खाली लोड करायच्या बॅगेत टाकता येत नाही. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा, आणि विमान कंपनीचा नियम त्यांनी आधी विचारून घ्यावा. प्लगचा प्रकार ईएससीशी जुळतो का ते बघून सांगा, नाहीतर सोल्डरिंग तुमच्याच गळ्यात.

नवी बॅटरी आली की ईएससीचा कटऑफ लायपोवर आहे की निकेल बॅटरीच्या सेटिंगवर, ते पहिल्या दिवशी बघायचं. वरची हद्द जशी आहे तशी खालचीही आहे. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, म्हणून ३.२ ते ३.४ वर गाडी बंद पडली पाहिजे. ३एससाठी हे सुमारे १० व्होल्ट. आठवडाभर खेळायचं नसेल तर सेल ३.८ ला ठेवून द्यायचा, पूर्ण भरून नव्हे. चार्जिंग बॅलन्सची वायर लावूनच, आणि कुणीतरी समोर बसलेलं असताना. तुमच्या गावात एक गोष्ट जास्तीची सांगावी लागते. घरामागेच माग असेल, सुताचे कोन आणि हवेत कापसाचे तंतू असतील, तर चार्जिंग त्या खोलीत नाही. बाहेर, फरशीवर, मातीच्या कुंडीत. फुगलेली बॅटरी चार्जही करायची नाही आणि वापरायचीही नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडूनच करून घ्यायचंय, कारण त्याशिवाय मी ३एसला पूर्ण होकार देणार नाही. दिवाळीपासून ही मोटर भाजते आहे, तेव्हा चुंबक कमजोर झालं आहे का ते बघायला हवं. कमजोर चुंबकाची मोटर हळू होत नाही, उलट भार नसताना जास्त पळते, कारण तिला अडवणारा बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटर स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज, कमी होतो. पोरांना वाटतं मोटर आता मोकळी झाली. पण तिच्यात जोर राहत नाही, अँपिअर जास्त ओढते आणि आणखी तापते, मग आणखी कमजोर होते.

मोटर ट्रकमधून काढा, तिन्ही वायरी ईएससीपासून सोडवा, पिनियन उतरवा आणि शाफ्ट ड्रिल मशिनच्या चकमध्ये धरा. टॅकोमीटरने ड्रिलचे फेरे मोजा. समजा २,८०० आले. कोणत्याही दोन वायरींवर मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर लावा, तिन्ही जोड्या बघा. मीटरच्या आकड्याला १.४१४ ने गुणा आणि फेऱ्यांना त्याने भागा. येतो तो तुमच्या मोटरचा आजचा केव्ही. ३५०० साठी मीटरवर ०.५७ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. थोडं इकडेतिकडे चालेल, स्वस्त मोटरचा छापलेला केव्हीही नेमका नसतो. पण ०.४८ दिसलं तर केव्ही ४,१०० च्या पुढे गेला, आणि भरलेल्या ३एसवर फेरे ५१,००० च्या वर. मग रोटर बदलेपर्यंत त्या ट्रकला जुनी २एसच लावा आणि मित्राची बॅटरी त्याला परत करा.